चारच सीट भरल्या तर काय कराल? बँकॉकच्या एका दिवसाच्या टूरमधला धंद्याचा धडा



आपल्यापैकी बऱ्याच जणांची पहिली परदेशवारी बँकॉकचीच असते. कुणी रंग, सिमेंट नाहीतर मोबाईल कंपनीचं टार्गेट पूर्ण करून डीलर ट्रिपवर जातो, कुणी मित्रांसोबत चार दिवस काढून जातो. मुंबईहून साधारण साडेचार तासांचं विमान, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, बस्स. आणि गेलं की एक दिवस 'सिटी टूर' असतेच. सकाळी व्हॅन हॉटेलवर येते, गाईड माईक हातात घेतो, दोन-तीन देवळं, जेवण, कुठलं तरी मोठं दुकान, आणि संध्याकाळी परत हॉटेल.

बहुतेक जण त्या दिवसाचे फोटो घेऊन येतात. मला वाटतं तुम्ही त्या दिवसाचं कॉस्टिंग घेऊन यावं. कारण आठ तासांत तुमच्या डोळ्यासमोर एक पूर्ण धंदा चालतो. माल काय, खर्च काय, मार्जिन कुठे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खरा कस्टमर कोण. व्हिडिओत मी हे थोडक्यात सांगितलं होतं, इथे आकड्यांसकट बघू. बाटचा भाव बदलत राहतो, साधारण अडीच ते तीन रुपयांना एक बाट धरा. पुढचे सगळे आकडे बाटमध्येच आहेत.

१. आधी साधी वजाबाकी

नेहमीच्या टूरमध्ये तीन ठिकाणं असतात: ग्रँड पॅलेस, वाट फो आणि वाट अरुण. थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ. परदेशी माणसाला ग्रँड पॅलेसचं तिकीट 500, वाट फोचं 300 आणि वाट अरुणचं 200 बाट. हे दर अधूनमधून वाढतात, जाताना ताजे दर बघून घ्या. म्हणजे नुसत्या गेटवरच माणशी 1000 बाट गेले.

आता समजा एखादा एजंट म्हणाला, "तीनही देवळं, एसी व्हॅन, इंग्लिश गाईड, जेवण, सगळं मिळून 800 बाट." लगेच खूश होऊ नका. तिकिटांचेच हजार होतात, मग आठशेत हा माणूस तुम्हाला जेवायला कसा घालणार? दोनच शक्यता. एक तर तिकिटं त्यात धरलेली नाहीत, गेटवर तुम्हालाच काढायला लावतील. नाहीतर तुमच्या खर्चाचे पैसे दुसरंच कुणीतरी भरतंय. ते दुसरं कोण, हे शोधणं हाच आजचा धडा.

२. टूरवाल्याच्या खुर्चीत बसून बघा

आता आपण टूरवाले आहोत असं समजू. हे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी धरलेले आहेत, फक्त तिकिटांचे दर खरे आहेत.

प्रत्येक माणसामागे होणारा खर्च: तिकिटं 1000, जेवण आणि पाणी 170. एकूण 1170.
माणसं कितीही असोत, होणारच असा खर्च: व्हॅन 2500, गाईड 2000. एकूण 4500.
विक्रीचा भाव: माणशी 2200.

एका माणसामागे हातात राहतात 2200 वजा 1170, म्हणजे 1030 बाट. यातून आधी 4500 भरून काढायचे.

दहा माणसं आली तर 10,300 जमले, 4500 गेले, 5800 उरले. छान दिवस.
पाच आली तर 5150 जमले, उरले 650. चहापाणी निघालं.
चार आली तर 4120 जमले. 380 खिशातून गेले.

पाचवी सीट हा या धंद्याचा ब्रेक-इव्हन. बीबीएला हाच धडा मी ग्राफ काढून शिकलो होतो, पण खरं सांगतो, व्हॅनमधल्या रिकाम्या सीट मोजल्या की तो जास्त लवकर कळतो. तुमच्या शिकवणीतली रिकामी बाकं, मेसमधली न उठलेली ताटं, पार्लरमधली दुपारची रिकामी खुर्ची, सगळीकडे हेच गणित. भाडं आणि पगार ठरलेला, गिऱ्हाईक येईल तेवढं.

आता खरा प्रश्न. आज चारच सीट भरल्यात. गिऱ्हाइकाला शब्द दिलाय, टूर रद्द करता येत नाही. आणि तेवढ्यात एका दागिन्याच्या शोरूमचा माणूस म्हणतो, "चौघांना माझ्याकडे तासभर आणा. जी खरेदी होईल त्यावर तुमचं कमिशन." काय कराल?

३. शोरूमचा थांबा आला की कस्टमर बदलतो

एकदा हो म्हटलं की काय होतं बघा. तो तास कुठून तरी काढावा लागतो. मग वाट फोमध्ये पाऊण तासाऐवजी वीस मिनिटं मिळतात. गाईड मंदिराबद्दल कमी आणि नीलम-माणकांबद्दल जास्त बोलायला लागतो. कुणी काही घेतलं नाही की त्याचा चेहरा उतरतो. गाडीत बसलेल्या माणसाला वाटतं की मी कस्टमर आहे. प्रत्यक्षात कस्टमर आहे ते शोरूम, आणि गाडीतला माणूस म्हणजे शोरूमला पोचवायचा माल.

पैसे ज्याच्याकडून येतात त्याचंच काम आपण करतो. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

थायलंडमध्ये हा प्रकार इतका वाढला की त्याला नावच पडलं, 'झिरो डॉलर टूर'. पर्यटकाला खर्चापेक्षाही कमी भावात, जवळजवळ फुकट आणायचं आणि ठरलेल्या दुकानांत फिरवून महाग खरेदीतून पैसे वसूल करायचे. मुख्यतः चिनी पर्यटकांच्या ग्रुपमध्ये हे चालायचं. 2016 मध्ये थाई सरकारने यावर मोठी कारवाई केली, टूरच्या बसेस जप्त केल्या. म्हणजे एक चुकीचं कॉस्टिंग शेवटी देशाच्या नावाचा प्रश्न होऊन बसलं.

याचंच छोटं रूप रस्त्यावर भेटतं. ग्रँड पॅलेसच्या आसपास कुणीतरी नीट कपड्यातला माणूस गोड बोलून सांगतो, "आज पॅलेस बंद आहे. पण हा टुकटुकवाला तुम्हाला 20 बाटमध्ये दुसरी देवळं फिरवेल." तासभर रिक्षा फिरवायची आणि घ्यायचे फक्त वीस बाट? परत तीच वजाबाकी करा. त्या फेरीत एक रत्नांचं नाहीतर शिंप्याचं दुकान ठरलेलं असतं आणि इंधनाचे पैसे तिथून निघतात. फसवणूक यशस्वी का होते? कारण थायलंड खरोखरच रत्नांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे, चांथाबुरी हे त्याचं जुनं केंद्र. खोटं नेहमी अशा एखाद्या खऱ्या गोष्टीला टेकून उभं राहतं. उपाय सोपा आहे. कुणाचं न ऐकता थेट गेटपर्यंत चालत जायचं आणि पॅलेस बंद आहे की उघडा ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. अडचण आलीच तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर 1155.

४. चांगला गाईड कशाचे पैसे घेतो

आता दुसरी बाजू. चांगली टूर घेतली तर पैसे कशाचे जातात?

पहिलं, क्रमाचे. ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला प्रवेश बंद होतो. चांगला गाईड तुम्हाला उघडायच्या वेळेला नेतो, कारण दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. तिथून वाट फो चालत. वाट फोच्या मागे था तिएन धक्का, तिथून चाओ फ्राया नदी ओलांडायला छोटी फेरीबोट, भाडं 5 बाट. पलीकडे वाट अरुण. तिन्ही ठिकाणं एका रेषेत येतात, उलटसुलट फेऱ्या होत नाहीत. ग्राहकाचा वाया न गेलेला प्रत्येक अर्धा तास हे तुमचं उत्पादन आहे.

दुसरं, माहितीचे. ग्रँड पॅलेसच्या आवारातला 'एमरल्ड बुद्ध' बघायला सगळे जातात. मूर्ती उंचावर आणि फक्त 66 सेंटिमीटरची. कुणी सांगितलं नाही तर माणूस एक नजर टाकून पुढे निघतो. गाईड सांगतो की नाव पाचूचं असलं तरी दगड तो नाही, आणि ऋतू बदलला की वर्षातून तीन वेळा राजा स्वतः मूर्तीची वस्त्रं बदलतो. मग तोच माणूस पाच मिनिटं थांबतो. राजा पहिला राम याने 1782 मध्ये नदीच्या या काठावर राजधानी आणली, तेव्हापासून हा राजवाडा आहे. हे कळलं की भिंतीही वेगळ्या दिसतात. मूर्ती तीच, तिकीट तेच. मधे सांगणारा आला म्हणून किंमत वाढली. तुमच्या दुकानात साडी, मसाला नाहीतर मशीन विकताना सांगणारा माणूस आहे का, एवढं तपासा.

तिसरं, तयारीचे. पॅलेसमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. चांगला टूरवाला हे आदल्या दिवशीच मेसेज करून कळवतो. जो कळवत नाही, त्याचं गिऱ्हाईक गेटवर अडकतं आणि बाहेर पँट शोधत फिरतं.

आणि इथेच छोट्या धंद्याची एक मस्त गोष्ट दिसते. पॅलेसबाहेर हत्तीच्या छापाच्या ढगळ पँट विकणारे भरपूर. नियम राजवाड्याचा, मागणी फेरीवाल्याला. वाट अरुणजवळ तर पारंपरिक थाई पोशाख भाड्याने देणारी दुकानं आहेत. लोक नटूनथटून देवळासमोर फोटो काढतात. देऊळ त्यांनी बांधलं नाही, जाहिरात त्यांनी केली नाही. गर्दी तयार होती, तिला काय लागतं तेवढं ओळखलं. आपल्या तुळजापूर, पंढरपूर, शिर्डीला हार-प्रसादाच्या पलीकडे यात्रेकरूला काय लागतं, याचा विचार कितीजण करतात?

वाट फोमध्ये 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. पण तुम्ही तिथला आणखी एक विभाग बघा, थाई मसाजची शाळा. 1955 पासून तिथे हे रीतसर शिकवतात. हातातली कला, तिचा अभ्यासक्रम, मग प्रमाणपत्र, मग शिकून गेलेल्यांचं पोट. 2019 मध्ये युनेस्कोनेही थाई मसाजला वारसा यादीत घेतलं. आपल्याकडे आजीच्या हातचं तेल आणि मालिश घरोघरी आहे, पण ते शिकवायची शाळा किती ठिकाणी आहे?

५. बुक करताना विचारायचे सहा प्रश्न

१) तिकिटं धरून भाव आहे की सोडून? तिन्हीची नावं लिहून घ्या.
२) खरेदीचे थांबे किती, कुठल्या दुकानात, किती वेळ? 'एकही नाही' असं उत्तर आलं तर ते मेसेजवर मागा.
३) गाडीत माणसं किती आणि गाईड कुठल्या भाषेत बोलणार? एकच गाईड तीन भाषांत बोलला तर तुमच्या वाट्याला एक तृतीयांश वेळ.
४) गाईडकडे लायसन्स आहे का? थायलंडमध्ये गाईडचं काम कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखीव आहे आणि त्याच्याकडे फोटो असलेलं ओळखपत्र असतं. आपल्याकडून सोबत येणारे टूर मॅनेजर दादा वेगळे, तिथला गाईड वेगळा.
५) माझ्या आधी किती हॉटेलांवर पिकअप? बँकॉकच्या ट्रॅफिकमध्ये चार हॉटेलं म्हणजे सकाळ गेली. तुमचं हॉटेल मेट्रोजवळ असेल तर सरळ सनम चाय स्टेशनला भेटतो म्हणा, ते वाट फोच्या अगदी जवळ आहे.
६) माणसं कमी भरली तर टूर होणार का, आणि रद्द झाली तर पैसे कधी परत?

सहावा प्रश्न विचारलात की समोरच्याला कळतं, हा माणूस धंद्यातला आहे.

६. दुपारनंतर बाजार, पण डोकं थंड ठेवून

टूर दोनच्या सुमारास संपणारी घ्या आणि उरलेला वेळ बाजाराला द्या. चायनाटाऊनमध्ये साम्पेंग नावाची अरुंद गल्ली आहे. क्लिप, रबरबँड, इमिटेशन ज्वेलरी, खेळणी, पॅकिंगचं सामान, सगळं होलसेल. माझं स्वतःचं कटलरीचं दुकान आहे, त्यामुळे मला ती गल्ली वाट अरुणइतकीच बघण्यासारखी वाटते. तिथे बऱ्याच दुकानांत भावाच्या दोन-दोन पाट्या असतात. एक नग घेतला तर एक भाव, तीन, सहा किंवा बारा घेतले तर दुसरा. बोलणं कमी, कॅल्क्युलेटर जास्त. शेजारीच पाहुरात, म्हणजे तिथलं लिटल इंडिया. मोठा गुरुद्वारा आणि कापडाची दुकानं. कपड्यांत असाल तर प्रातुनाम भाग बघा.

पण थांबा. 'इथे स्वस्त मिळतंय' म्हणून बॅगा भरू नका. तीन गोष्टी तपासा. पहिली, हाच चिनी माल मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीटला काय भावाने मिळतो? दुसरी, विमानात येताना मिळणारी ड्युटीची सूट स्वतःच्या वापराच्या सामानाला असते. विकायला माल आणायचा असेल तर आयईसी कोड, रीतसर आयात आणि कस्टम ड्युटी आली. तिसरी, माल संपला तर परत कसा मागवणार? तेव्हा पहिल्या फेरीत माल आणण्यापेक्षा आयडिया आणा. मांडणी, पॅकिंग, भावाच्या पाट्या यांचं निरीक्षण करा. त्याला कस्टम लागत नाही.

७. आता आपल्या गावाचं बोलू

'कमिशन वाईट' असं मी म्हणत नाही. आपला सगळा बाजार कमिशनवर चालतो. एलआयसीचा एजंट कमिशन घेतो, अडत्या घेतो, आणि ते सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न लपवण्याचा आहे. इंटिरियरवाला प्लायवूडच्या दुकानातून टक्के घेतो आणि घरमालकाला सांगतो, "हाच ब्रँड बेस्ट." पर्यटनाच्या गावात टॅक्सीवाला एकाच चप्पल दुकानापाशी गाडी थांबवतो. वायरमन एकाच दुकानाची चिठ्ठी देतो. गिऱ्हाइकाला हे आज ना उद्या कळतं, आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून तुमच्या खऱ्या सल्ल्यावरही त्याचा विश्वास राहत नाही.

मग चार सीटच्या दिवशी काय करायचं? शोरूमला न जाता मला चार रस्ते दिसतात.

एक, आधीच अट लिहा: किमान पाच माणसं, नाहीतर आदल्या संध्याकाळी कळवून पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख.

दोन, शेजारच्या टूरवाल्याशी दोस्ती ठेवा. आज माझे चार तुमच्या गाडीत, उद्या तुमचे तीन माझ्या गाडीत. स्पर्धक म्हणून तोंड फिरवलं तर दोघांच्याही गाड्या अर्ध्या रिकाम्या पळतात.

तीन, ठरलेला खर्चच कमी करा. आपल्या उदाहरणात व्हॅन काढून टाकली तर? मेट्रो, चालणं आणि नदीतली बोट. नारिंगी झेंड्याची सार्वजनिक बोट 16 बाट घेते. प्रवासाचे माणशी 50 धरा, म्हणजे माणसामागचा खर्च 1220. ठरलेला खर्च फक्त गाईडचे 2000. भाव 1900 ठेवा. माणसामागे 680 राहतात, आणि तीन माणसांतच खर्च निघतो. गिऱ्हाइकाचे 300 वाचले, ट्रॅफिक टळला, नदीही बघून झाली. खर्च कमी करताना माल चांगला झाला, असं फार कमी वेळा होतं. ते शोधायची सवय लावा.

चार, दुकानाचा थांबा ठेवायचाच असेल तर उघड ठेवा. "ज्यांना हवं त्यांच्यासाठी तीस मिनिटं, मला तिथून कमिशन मिळतं, नको असेल तर तेवढा वेळ मंदिरात थांबा." असं बोलायला हिंमत लागते, पण असं बोलणाऱ्याकडे माणूस पुढच्या वेळी मेव्हण्यालाही पाठवतो.

तुमच्यापैकी कुणी कोल्हापूर, वाई, नाशिक नाहीतर मालवणमध्ये एक दिवसाची टूर सुरू करायचा विचार करत असेल, तर वरचे चार रस्ते जसेच्या तसे वापरा. भरलेल्या गाडीच्या दिवशी सगळेच प्रामाणिक असतात. धंद्याचं चारित्र्य चार सीटच्या दिवशी ठरतं, आणि तो दिवस ऑफ-सीझनला नक्की येतो. उत्तर आजच ठरवून ठेवा, त्या दिवशी विचार करायला वेळ नसतो.

गृहपाठ

वहीचं एक पान घ्या, तीन रकाने आखा.
पहिल्यात: गिऱ्हाईक आलं किंवा नाही आलं तरी महिन्याला होणारा खर्च.
दुसऱ्यात: एका गिऱ्हाइकामागे होणारा खर्च आणि तुमचा भाव. दोन्हीतला फरक काढा.
तिसऱ्यात: पहिला आकडा भागिले तो फरक. हे तुमचे पाचव्या सीटचे गिऱ्हाईक.

मग पानाच्या खाली एका ओळीत लिहा: मला पैसे कोण देतं, आणि माझं गिऱ्हाईक ज्याला आपला माणूस समजतं तो मीच आहे का? उत्तर लिहिताना पेन अडखळलं, तर तिथेच काम करायचं आहे.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गल्ल्याकडे लक्ष आणि गिऱ्हाइकाशी खरं, दोन्ही सांभाळा.